बॉम्बरमधला चौथा

१२ फेब्रुवारी १९८४
तिघांचा पत्ता लागला, चौथ्याचा नाहीच! मे १९४१मध्ये आमच्या या इंग्लिश खेड्याच्या माळावर जर्मन बॉम्बर कोसळलं, त्यात चौघं होते – जर्मनीहून आलेल्या यादीत स्पष्ट आहे. चर्चच्या आवारात कबरी मात्र तीन. चौथा आन्टोन रीगर, मशीनगन चालवणारा, वय वीस. नावापुढे एकच शब्द – बेपत्ता.
शाळेतून निवृत्त झाल्यावर विरंगुळा म्हणून त्या विमानातल्या माणसांचा माग काढायचं हे काम घेतलं. आता भांडी घासतानासुद्धा ही नावं तोंडात येतात.

३ मार्च
आन्टोनची बहीण सापडली. लीझेलोटे, बव्हेरियात असते. तिचं पत्र शाळेतल्या जर्मनच्या बाईंकडून वाचून घेतलं. आई जाईपर्यंत दर हिवाळ्यात त्याच्या बुटांना तेल लावून ठेवायची, म्हणे. शेवटी विचारलंय – तो कुठे आहे?

४ मार्च
ते बूट डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१७ मार्च
एमस पिकर्सगिलकडे गेले. बाबांचा जुना सोबती, ऐंशी ओलांडलेला मेंढपाळ. त्या सकाळी माळावर आधी पोचले ते बाबा आणि हा. चौथ्याचं विचारलं तर म्हणाला, मेंढ्या व्यायच्या दिवसांत डोकं खाऊ नकोस. चहाही विचारला नाही. एमसने!

२ एप्रिल
एमस आपणहून आला. बस म्हटलं तरी बसेना. मी लीझेलोटेचं पत्र वाचून दाखवलं. मग बसला.
पॅराशूट उघडलं होतं, म्हणाला. पोरगा दगडी कुंपणाआड पडलेला, जिवंत. कंबरेखाली सगळं मोडलेलं. यांना बघून त्याने दोन्ही हात वर केले. एमस डॉक्टरला आणायला निघाला, तर बाबांनी त्याची बाही धरली.
"तुझा बाप म्हणाला, आयव्हीसाठी कोण धावलं होतं? राहू दे."
आयव्ही म्हणजे माझी आत्या. दोनच दिवस आधी हल शहरात बॉम्बखाली गेली होती.
बाबा त्याच्याजवळच दगडावर बसले. दुपारपर्यंत. पोरगा काहीबाही बोलत होता, मग गप्प झाला. दोघांनी तिथेच पुरला.
जाताना एमस दारात थांबला. "मीही गेलो नाही गं पोरी डॉक्टरकडे. बाही तर त्याने कधीच सोडली होती."

३ एप्रिल
मला गोवर आला तेव्हा बाबा तीन दिवस उशाशी बसून होते. तोच माणूस.

१९ एप्रिल
पोलिसांना कळवलं. एमसने जागा दाखवली. हाडांबरोबर ओळखपट्टी निघाली – रीगरचीच. गावात कुजबुज सुरू झाली. खाटीक तोंडावर म्हणाला, मेलेल्या बापाची अब्रू घालवलीस. मटण न घेताच परतले.

२८ एप्रिल
लीझेलोटेला सगळं लिहिलं. चार कागद फाडले. बाबा बसून राहिले, एवढं वाक्य गाळावंसं वाटत होतं. नाही गाळलं.

१५ मे
आन्टोनला त्या तिघांशेजारी पुरलं. पाद्री, मी आणि एमस. बहिणीला प्रवास झेपत नाही. गावातलं कोणी आलं नाही. एमसला माती टाकवेना. मी त्याच्या वाटची टाकली.

३० मे
लीझेलोटेचं उत्तर. दोष नाही, क्षमाही नाही. एकच प्रश्न – "म्हणजे तो एकटा नव्हता?"
नव्हता, असं लिहिलं. बाबा होते.