कानबाईपुढं गप्प रहा

प्रिय माय,

हे पत्र आपल्या सोनलकडून वाचून घे, पण दार लावून. फोन करत नाही, कारण आपल्याकडं फोन वाजला की पाच काकू कान लावतात आणि संध्याकाळपर्यंत असोदा गावाच्या ग्रुपवर सगळं येतं.

मावशीच्या गिरणीवरच्या खोलीत कोंडून पडलोय. गिरणी सुरू झाली की खाट थरथरते. पिंपळनेरच्या जत्रेत पाळणे लावून येताना धुळ्याला उतरायचो तेव्हा मावशी म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. आता तीच जिन्याला कडी लावते. समोरच्या गच्चीवर एक लंगडं कबूतर आहे, दाण्यावर मात्र पहिलं तेच पोचतं. असो, कुठं चाललो मी.

तोताराम नानांची केळीची बाग कुणीतरी रातोरात कापून आडवी केली आणि त्यांच्या पुतण्यानं, कुंदननं, मोबाइलवर माझं नाव घेतलं. त्यावरून केस झाली, आणि जामीन मिळाला तो गावाबाहेर राहायच्या अटीवर. माझं डोकं फिरलं. मीही व्हिडिओ केला, त्यात उलट कुंदनलाच धरलं, कारण वाटणीवरून त्याचं नानांशी वाजलंय हे साऱ्या गावाला माहीत आहे. टाकायच्या आधी वकील शीतलताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "पुरावा आहे का? नाही ना? मग बदनामीची दुसरी केस तू स्वतःच ओढवून घेतोयस. आणि खरं बोललास तरी लोक अर्धं वाक्य कापून फिरवतील. बोलायचं ते जबाबात आणि कोर्टात." पुसून टाकला. आता गप्प बसलो तर लोक म्हणतात, चोराच्या मनात चांदणं. बोललो तर फास आवळतो. हिंडणाऱ्याला खोलीत कोंडणं एक वेळ सोसतं, माय, पण तोंड कोंडलेलं सोसत नाही.

मावशी परवा तुझ्याकडून आली. म्हणाली, भाऊबंदांनी अट घातलीय: रविवारी घरात कानबाई देवी बसली की तिच्यापुढं, माय, तू शपथ घ्यायची, तरच तिच्या प्रसादाच्या रोटाच्या पंगतीत आपलं पान. झुलालकाका मोबाइल धरणार, म्हणजे गावभर दिसेल. तू हो म्हणालीस, रोटासाठी गहूसुद्धा निवडून ठेवलेस. काय बोलायचं तेही ठरलंय: "माह्या पोऱ्या घरीच व्हता."

माय, मी घरी नव्हतो. त्या पहाटे तू उठायच्या आधी चाऱ्याला निघालो, बाग आडवी पडलेली दिसली आणि बघायला आत शिरलो. हातात विळा होता. मी कापली नाही, पण आत होतो, आणि पोलिसांना हे मी स्वतःच सांगितलंय. तू घरी होता म्हणालीस की आपल्या दोघांतलं एक खोटं, आणि कोर्ट ते माझ्याच माथी मारेल. शाळेत मास्तरांपुढं माझ्यासाठी किती वेळा खोटं बोललीस. या वेळी फक्त गप्प रहा. विचारलं तर म्हण, पोरानं सांगायचं तिथं सांगितलंय. रोट नाही मिळाला तर नाही. ते गहू डब्यात घालून ठेव. केसमधून सुटलो की मीच दळून आणीन.

तुझाच भिंगरी,
ललित