नातेवाईक नसलेलं शहर

जळगाव जामोद, शनिवार संध्याकाळ

आम्ही नवरा-बायकोनं दोन दिवस एखादं शहर पाहून यावं, एवढंच ठरवायचं होतं. वर्तमानपत्राचा मजकूर वेळेत देण्यात जन्म गेला, आणि हे काही जमेना. मी नागपूर म्हटलं. सुनंदा मेथी निवडत होती. "तिथं तुमची बहीण हाय." पुणे? "भाचा." संभाजीनगर? "माह्या मावशीची पोरगी. तिले न सांगता लॉजवर राह्यता येते का जी?"

येत नाही, खरंच. मुक्काम नातेवाइकांकडेच. नागपूरला कितीदा गेलो. मी भाऊजींबरोबर तलाव, बाजार फिरून आलो. हिनं काय पाहिलं असेल? कुतूहल वाटलं म्हणून विचारलं.

"तुमच्या बहिणीचं सयपाकघर," ती हसली. "लय मोठं हाय."

मग नातेवाईक नसलेलं शहर शोधत बसलो. बऱ्हाणपूर निघालं. जवळ आहे, तापीकाठी किल्ला आहे, आणि आपलं तिथं कोणीच नाही!

"लॉजवर सकाळचा चहा कोण करते?"

"खोलीवर आणून देतात."

तिचा मेथीतला हात थांबला.

"मंग मी उठू कव्हा?"