नावाचा रकाना

४ नोव्हेंबर

‘मुलं किती?’ हा प्रश्न आज फॉर्ममध्ये बसवला. आकडा टाकला की तितके रकाने उघडतात – नाव, वय, लस. दोन टाकले, दोन उघडले. पाच टाकले, पाच. मग शून्य टाकलं. सगळे रकाने एकदम मिटले आणि थेट रक्तदाबाचा प्रश्न आला. बराबर चाललं. ऑफिसचे प्रितम सर शेजारून म्हणाले, मस्त जमलं.

मी उठून बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

जालन्याच्या एका संस्थेचं काम आहे. गावोगाव बायकांच्या तपासणीची शिबिरं. नर्स टॅबवर प्रश्न वाचणार, बाई सांगेल तसा पुढचा प्रश्न बदलणार. जे लागू नाही ते तिला विचारायचंच नाही. आवडतं मला हे काम. आवडत होतं.

५ नोव्हेंबर

चाचणीसाठी स्वतःची माहिती भरायला बसले. शून्य, की एक? फॉर्म तसाच बंद केला.

७ नोव्हेंबर

मागच्या वर्षी, पोळ्याच्या आधी. आठवा महिना होता. मुलगी. रडलीच नाही. मी शुद्धीवर येईपर्यंत माझा नवरा कल्याण आणि सासूबाई तिला आमच्या शेतात ठेवूनही आले होते. मी तिचं तोंड पाहिलं नाही. कुणासारखी होती, हेही कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “झालं ते झालं. आता कुनापाशी काढायचं न्हाई.” कल्याणनं तर एवढंही म्हटलं नाही. इकडे माझा पदर दुधानं ओला व्हायचा, आणि घरात कापसाच्या फवारणीच्या गोष्टी चालायच्या.

आता चालायला लागली असती. अंबडच्या बाजारात त्या वयाची पोर कुणाच्या कडेवर दिसली की मी तिथल्याच गाड्यावर उगाच भाव विचारत उभी राहते. नको असलेली वांगी घेऊन घरी येते.

११ नोव्हेंबर

तीर्थपुरीला शिबिर झालं. फॉर्म पहिल्यांदाच खऱ्या बायकांसमोर चालणार, म्हणून मीही गेल्ते. बेबीनंदा सिस्टर प्रश्न वाचत होत्या, मी मागे उभी.

गिरिजाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आल्या. मुलं किती? “चार.” चार रकाने उघडले. त्यांनी तीन नावं सांगितली आणि थांबल्या. सिस्टरांनी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, चौथ्याचं नाव ठेवलंच नाही, जन्मला तसाच गेला. सिस्टरांनी रकाना मोकळा सोडून पुढे जायचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली – नाव आवश्यक आहे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीच लिहिलेली अक्षरं ती! मी हळूच म्हटलं, तीन करा, पुढे जाईल.

गिरिजाबाईंनी ऐकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मशिनीत बसत न्हाई का? मंग राहू द्या माझी तपासणी. पन तीन लिहू नका, बाई.”

मी त्यांची माहिती कागदावर लिहून घेतली. चार.

१२ नोव्हेंबर

काल परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले, ते अंबड येईपर्यंत.

१४ नोव्हेंबर

प्रितम सरांना सांगितलं, मुलांचा भाग बदलायचाय. त्यांचं म्हणणं, दोन-चार बायकांसाठी कशाला गुंता वाढवायचा. मी संस्थेच्या डॉक्टर मॅडमना फोन लावून दिला. मॅडम म्हणाल्या, बाळ गेलेलं असेल तर ते आम्हाला आधी कळायला हवं, पुढच्या बाळंतपणात तेच कामाला येतं. सर म्हणाले, कर मग बदल.

१८ नोव्हेंबर

झालं एकदाचं. आता फॉर्म आधी विचारतो – ‘आजवर किती बाळांना जन्म दिला?’ मग – ‘त्यातली किती आज सोबत आहेत?’ दोन आकड्यांत फरक आला तर एक वेगळं पान हळूच उघडतं. तिथं नाव सक्तीचं नाही. ‘सांगायचं नाही’ असंही बटण ठेवलंय. ‘मृत बालक’ हा शब्द तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी लिहिलं – ‘सोबत नसलेलं बाळ’.

सोबत नसलेलं. पण आहेच की!

२३ नोव्हेंबर

रविवार. कल्याणला म्हटलं, तुझ्या फोनवर एकदा भरून बघ, कुठं अडतं ते सांग. प्रत्येक नवा फॉर्म तोच आधी बघतो, आणि मुद्दाम काहीतरी अचाट भरतो – वय दोनशे, गाव लंडन. आजही हसतच बसला. मग हसू गेलं. मी वाकून पाहिलं.

जन्म दिला – एक. सोबत – शून्य.

दुसरं पान उघडलं. नावाच्या रकान्यावर त्याचा अंगठा तसाच राहिला. मी म्हटलं, मोकळं सोडलं तरी चालतं तिथं. तो म्हणाला, “मोकळंच हाये गं. आपन नावच ठेवलं न्हाई तिचं.”

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो ‘तिचं’ म्हणाला. सासूबाई दारात तूर निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मग उठून आत गेल्या.

२४ नोव्हेंबर

सकाळी भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता, सासूबाई म्हणाल्या, “नाव न्हाई असं कसं म्हनतो कल्याण? मातीत ठेवायच्या आधी कानात सांगितलं ना मी. आत्या न्हवती जवळ, मंग मीच सांगितलं. गोदा हाये ती.”