इंजिनाचं झाकण

१२ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.४०

घड्याळ बघूनच लिहिते — नर्सची सवय. ह्या वेळी कट्टा गावच्या गुरुप्रसाद मेकॅनिकने माझा अपमान केला. ऑगस्टमध्ये त्यानेच स्कूटरचं इंजिन उघडलं, तेव्हापासून तेल गळतंय. तर म्हणतो, "सिस्टरबाई, जुनी गाडी, तेल गळतलाच. ह्या वयात स्कूटर कित्याक? भंगारात घाला."

"तुझ्या जल्माक मी ह्याच गाडयेर बसान इल्लंय!"

तशीच घरी आले. गाडी मीच दुरुस्त करणार.

१३ नोव्हेंबर

जयरामचा फोन, धामापूरहून. हे गेल्यापासून धाकटा भाऊ फार जपतो मला. रविवारी त्याचा केयूर बायकोला घेऊन येतोय. मे महिन्यात मुंबईत नोंदणी लग्न केलं — "चार माणसां सोडून कोण नव्हता गो ताई." भाच्याला स्कूटर मी शिकवली, आणि सून अजून पाहिली नाही! येते म्हटलं, तर "तू कित्याक त्रास करतंस? आमीच तिका घेवन येतलो."

त्रास कसला! स्कूटरने जाणार. साडी आणलीय.

१४ नोव्हेंबर

तेल परातीत काढलं. किक काढली. झाकणाचा एक नट हटेना. शेजारची संचिता कुंपणावरून — "मावशी, माणूस बोलवा मगे!"

मी कोण मगे?

१५ नोव्हेंबर

झाकण निघालं! मध्ये तेल अडवायला जाड कागदाचं गॅस्केट असतं. ह्या महाशयांनी लग्नपत्रिका कापून बसवलेली! एक पुरेना म्हणून दोन जोडलेल्या. गणपती अर्धा तेलात.

ब्लेडने अलगद सोडवलं. खरा गॅस्केट कागद आणला होता. झाकणावर ठेवून नखं कापायच्या कात्रीने कापला. कॉन्व्हेंटात शिवणाची कड वाकडी गेली की मदर बोटांवर पट्टी मारायच्या. आज कड सरळ आली. नट आवळले, नवं तेल घातलं, खाली वर्तमानपत्र पसरलं.

१६ नोव्हेंबर, सकाळी ७

एक थेंब नाही!!

गुरुप्रसादच्या तोंडावर मारायला पत्रिका पुसल्या. एकीवरचे उरलेले शब्द वाचले. चि. केयूर. ११ मे. धामापूर, देवळाचं सभागृह. भोजनास अवश्य यावे.

मेकॅनिकला आमंत्रण.

दुपारी १

स्कूटरनेच धामापूरला गेले. सुनेला साडी दिली — गोड आहे पोर. जयरामच्या हातात तेलकट पत्रिका आणि माझी चिठ्ठी: "विधवा आत्या मांडवात नको, हे कारण असेल तर तसंच लिही. खाली सही कर. उत्तर मंगळवार, १८ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी. फोन उचलणार नाही."