वाया गेलेला जून

३ जून
रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं, आणि माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. ठाण्याचे डॉ. म्हणाले, "असा तुकडा घेता येत नाही. तुम्हालाही धोका, भावालाही. वजन उतरवा, दोनेक महिन्यांनी परत स्कॅन करू." वहिनीचा गट जुळत नाही, मुलं शाळेत. म्हणजे मीच. दादा शेजारीच बसलेला. पोट पाण्याने फुगलंय, हातापायांच्या काड्या. लहानपणी आख्ख्या चाळीसमोर मला 'ए जाडे' म्हणून हाक मारायचा. आज माझी फाईल मांडीवर घेऊन बसला होता.

६ जून
मंदारने नवऱ्याच्या हक्काने परस्पर जिममध्ये माझं नाव घातलं. मानपाडा रोडला, चष्म्याच्या दुकानावर, पहिला मजला. म्हणाला, "मला तुझ्या ऑपरेशनची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण ठरवलंयस तर नीट कर." सकाळी गेले. काचेचं दार, आत सगळीकडे आरसे, दंडांवर शिरा आलेली मुलं. माझा टी-शर्ट पोटाला चिकटलेला. एकाने दार उघडलं, "या ना आंटी." मी विचारलं, "चष्म्याचं दुकान कुठलं हो?" खाली आले. दुकान बंद होतं.

११ जून
आज आत गेले. ट्रेडमिलवर उभं केलं, नेमका समोर आरसा. चालताना मी एवढी हलते? मागे दोन मुली हसल्या. मोबाईलमध्ये बघून असेल. पट्टा थांबवता येईना, दांडीला धरून लोंबकळले. थांबल्यावर फोन आल्यासारखं करून बाहेर.

१७ जून
नाही गेले. गच्चीवर चालेन म्हटलं तर सगळीकडे शेवाळ. डबा तर उकडलेला खातेय ना, ते काय कमी आहे?
वजन जैसे थे.

२१ जून
कल्याणला दादाकडे. वहिनीने चहा देता देता विचारलं, "जातेस ना गं जिमला?"
"जाते."
दादाने मान वळवून बघितलं. माझा पेपर कसा गेलाय ते मी चपला कशा काढते त्यावरून ओळखायचा हा माणूस. निघताना म्हणाला, "नाही जमलं तर राहू दे हां, माधवी. जिवाला त्रास नको करून घेऊ."
जिन्यात रडू फुटलं. त्याने मला मोकळं केलं होतं आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलेलं.

२८ जून
काल परत दादाच्या पोटातलं पाणी काढलं. आधी महिन्याने काढावं लागायचं, आता आठवड्याला. डॉ. वहिनीला म्हणाले, फार थांबता येणार नाही.
आज जिमला गेले. रुची म्हणून ट्रेनर आहे, पंचविशीची, कोपरहून येते. "काकू, मागच्या वेळी पळालात तुम्ही." काहीतरी कारण सांगणार होते, तोंडातून निघालं, "भावाला लिव्हर द्यायचंय. आणि मला आरशाची भीती वाटते."
वा वगैरे काही म्हणाली नाही. स्टूल ओढलं. "यावर बसायचं, उठायचं. आरशात फक्त गुडघे बघा. आत वळले की मला सांगा."
वळत होते. सांगितलं. बाकी मी कशी दिसत होते, बघायचं राहूनच गेलं.

८ जुलै
रोज जातेय. आता कळतंय, माझ्याकडे कुणी बघतच नाही. जो तो आपापल्या दंडात गुंग. त्या दोघी मुली तर रोजच हसतात, कशालाही. एवढंसं कळायला आख्खा जून घालवला मी. आणि जून काही माझा एकटीचा नव्हता.

१९ जुलै
ड्रेस सैल झालेत. स्टेशनचा पूल चढताना धाप लागत नाही. खरं सांगायचं तर आवडायला लागलंय. डंबेलचं वजन वर उचललं गेलं की आतून काहीतरी… मग लगेच लाज वाटते. तिकडे तो झिजतोय, इकडे मी खुलतेय. मंदारला सांगितलं तर म्हणतो, "मग काय रडत रडत उचलणार?" त्याला नाही कळायचं. किंवा कळतंय.

२ ऑगस्ट
दादाला ठाण्याला भरती केलं. लिव्हरमुळे रक्तात अमोनिया वाढला की भ्रम होतो म्हणे. पलंगाजवळ उभी राहिले तर वहिनीला विचारतो, "ह्या कोण?"
"अहो, माधवी."
"माधवी जाडी आहे," ठामपणे म्हणाला.
वहिनीला हसू आलं. मग तिने ओढणी तोंडाला लावली.

६ ऑगस्ट
आज ओळखलं. माझं मनगट धरून बघितलं. मग, "मी तुला फार चिडवायचो ना गं?"
"हो."
"तू कधी काही बोलली नाहीस."
"बोलायचं होतं."
तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली.

१० ऑगस्ट
स्कॅन झाला. चरबी उतरली. डॉ. म्हणाले, "तुमच्याकडून आता हरकत नाही." मी हसायला लागले. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. दादाच्या पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालंय, ते जाईपर्यंत ऑपरेशन नाही.
विचारलं, "मी जूनपासूनच नीट केलं असतं तर?"
"असा विचार करू नका."
काही फरक पडला नसता, असं म्हणाले नाहीत.

१४ ऑगस्ट
ताप हटत नाही. औषध बदललंय. दादा आयसीयूत. वहिनी म्हणते, "इथे बसून काय करणार तू? जिमला जा. वजन परत वाढलं तर?" जूनबद्दल तिने कधी काही विचारलं नाही. तिला माहीत नसेल. की दादानेच विचारू नको म्हटलं…
सांगायला पाहिजे तिला. पण आत्ता सांगून ओझं कोणाचं हलकं होणार, माझंच ना.
सकाळी जिमला गेले. रुचीने विचारलं, "काकू, ऑपरेशन कधी?"
"माहीत नाही गं."
तिने रॅकमधून जड डंबेल काढले. "मग वजन वाढवू? जमेल तुम्हाला आता."
वाढव म्हटलं. उचललं. खाली ठेवून फोन बघितला. वहिनीचा नव्हता. परत उचललं.