जांभळ्या रेशमाची पट्टी

अप्पा, आज सकाळपासून मी खोलीभर चिंध्या पसरून बसले आहे. सुती एकीकडे, रेशमी एकीकडे, आणि धुतल्यावर रंग सोडणाऱ्या दाराबाहेर. तुम्ही असंच करायचात. दुकान म्हणजे आपल्या घराची पुढची खोली. ब्लाउज बेतून उरलेलं कातरण टेबलाखालच्या पोत्यात जायचं, आणि सुट्टीच्या दुपारी तुम्ही ते पोतं माझ्यापुढे उपडं करायचात. तळहाताहून मोठा तुकडा गिऱ्हाइकाला परत, लहान तो कौदीला, हा तुमचा नियम. गोधडी हा शब्द मी लग्नानंतर पुण्याच्या जावेकडून ऐकला; आपल्या म्हैसूरच्या घरात ती कौदीच होती.

मला म्हैसूरबाहेर येलवालच्या शाळेत नोकरी लागली, तिथेच खोली घेऊन राहायचं ठरलं, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी एक कौदी शिवलीत. आई ती धुऊन रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घालते आहे, आणि मागच्या गल्लीतल्या हेडमिस्ट्रेसबाई जाता जाता थांबतात. "टेलर, जरा बाहेर या. हे जांभळं रेशीम माझंच ना, अल्वा? तुम्ही तर काही उरलं नाही म्हणालात."

नळावरच्या बायका गोळा झाल्या. माझे कान तापले. सगळी गल्ली आपल्याकडे शिवायची. टेलर कापड मारतो अशी बोलवा झाली की दुकान बसलंच. तुम्ही आतून खुर्ची आणलीत, बाईंना बसवलंत आणि शांतपणे म्हणालात, "अम्मा, बोटभर पट्टी उरली होती. ती मी उरल्यात धरली नाही, माझं चुकलं. आत्ता काढून देतो." आणि खरंच ब्लेड घेऊन टाके उसवायला लागलात.

तेवढ्यात नळावरची एकजण वाकून म्हणाली, "नोडी, हे बघा, माझ्या दिवाळीच्या ब्लाउजचं." दुसरीला तिच्या लेकीच्या बारशाचं सापडलं. तिसरीने कौदी दोन्ही बाजूंनी पाहिली, तिचं काहीच मिळेना, तेव्हा ती चक्क रुसली. "माझंच का नाही घेतलंत, टेलर?" हेडमिस्ट्रेसबाईंना हसू आवरेना. अर्धी उसवलेली पट्टी त्यांनी बोटाने परत जागेवर दाबली. "राहू दे आता. पोर थंडीत काय भोक पडलेली कौदी पांघरणार?"

त्यानंतर तुम्ही बोटभर चिंधीसुद्धा पुरचुंडीत बांधून ब्लाउजाबरोबर द्यायला लागलात. बायका ब्लाउज उचलायच्या आणि पुरचुंडी तुमच्याकडेच सरकवायच्या. वर घरच्या जुन्या साड्या आणून टाकायच्या त्या वेगळ्याच. एका पोत्याची तीन झाली. आई म्हणायची, "मग आता आम्ही निजायचं कुठं मत्ते, पोत्यांवर?" तुम्ही मशीनचं चाक फिरवत हसायचात, आणि पुढच्या वर्षी गल्लीतल्या दोन बाळंतिणींच्या घरी आपल्या कौद्या गेल्या.

हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, हे मला कळतं. तरी लिहायला बरं वाटलं. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण कापडाविषयी बोलायला अजून तुमच्यासारखं कोणी भेटलं नाही. सून सकाळपासून विचारते आहे, "आई, ही कौदी कोणासाठी?" नातवासाठी, असं मी सांगते. तुम्हाला म्हणून सांगते अप्पा, ही मला माझ्यासाठीच हवी आहे.