शेजारची रेघ

२ नोव्हेंबर
मोहन्यात येऊन आठवडा झाला. खोली लहान पण हवेशीर आहे. सकाळी वंदना करताना खिडकीतून नदी दिसते. खालच्या मजल्यावरच्या दर्शना मॅडम भूगोल शिकवतात. इथल्या कितीतरी गल्ल्या नकाशात नाहीत. म्हणून त्यांचा गट मोबाइल चालू ठेवून हिंडतो, उमटलेली वाटेची रेघ सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर चढवतो. दोघांच्या रेघा जुळल्या की रस्ता आखायचा, हा त्यांचा नियम. मलाही शिकवलं. गावी बांधाबांधाने हिंडलेला माणूस मी, काम आवडलं. बायको, शालन, गावाहून यायच्या आत आपली गल्ली नकाशात यावी, एवढीच इच्छा. ही रोजनिशीही आता फोनवरच लिहितो.

५ नोव्हेंबर
बंद कारखान्यामागच्या पायवाटेने गेलो. पुढे भिंत आडवी आली, परतलो. घरी पाहतो तर माझ्या रेघेला खेटून दुसरी रेघ, बिननावाची. ती मात्र परतली नव्हती. भिंतीतून आरपार, नदीकाठाने थेट आंबिवली स्टेशनपर्यंत. दर्शना मॅडम म्हणाल्या, काका, असेल कुणीतरी गेलेलं, तुमची रेघ भिंतीपाशी तुटलीय, पण तुम्ही गेलात ना शेवटपर्यंत? नाही म्हणायला संकोच वाटला. हो म्हणालो. त्यांनी रस्ता आखला.

८ नोव्हेंबर
बाजारातून चाललो. तिथेही ती रेघ शेजारी. मी पाणी प्यायला थांबलो तिथे तीही थांबलेली.

१० नोव्हेंबर
आज घराबाहेर पडलो नाही. फोन बंद ठेवला होता. तरी नकाशावर नवी रेघ आहे. आमच्या दारातून निघून भिंतीकडे गेलेली. या खेपेला नाव आहे. माझं.
मॅडमना फोन करून खरं सांगितलं, रस्ता पुसा म्हणालो. त्या माजिवड्याला बहिणीकडे आहेत. उद्या येऊन पुसते, एवढं काय घाबरताय काका, म्हणाल्या.

११ नोव्हेंबर, दुपार
शालन आजच आली. आंबिवलीहून फोन. खुशीत होती — तुमचा रस्ता दिसतोय की हो, रिक्षा कशाला, येते चालत. नको म्हणेपर्यंत फोन कटला. आता उचलत नाही.

भिंतीपाशी आलोय. गटावर हेच पाठवतोय — मॅडम, रस्ता पुसा — मी चाललो नव्हतो —

स्क्रीनवर आता शालनच्या नावाची रेघ, आंबिवलीहून निघालेली. शेजारी दुसरी. दोन्ही नदीकडे वळल्यात.

पलीकडून तिचा आवाज. म्हणतेय, अहो, हळू चाला की जरा. ओरडलो, मी इकडे आहे, भिंतीच्या अलीकडे. तिची पावलं थांबली. मग म्हणाली, मग माझा हात कुणी —